शिवी हा युक्तिवाद नव्हे



धम्मदीक्षा घेऊन तुम्ही नव्या घरात पाऊल टाकले आहे. या घरात शिरताना तुमच्या कानांवर प्रथम काय पडले, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? त्रिशरण पडले, पंचशील पडले, बावीस प्रतिज्ञा पडल्या, हे खरेच आहे. परंतु त्यांच्या पाठोपाठ आणखीही काही शब्द तुम्ही ऐकले असतील. 'दलाल', 'गद्दार', 'विकाऊ', 'बामणाळलेला', 'अर्धा हिंदू'. हे शब्द कोणा सनातन्याला उद्देशून उच्चारलेले नव्हते. विहाराच्या बैठकीत, जयंतीच्या समितीत, आणि अलीकडे रात्री-अपरात्री मोबाईलवरील गटांत, आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांविषयी ते काढलेले होते. ज्याने काढले तो दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धवंदनेला पुढच्या ओळीत बसला असेल, आणि सम्यक वाचेची प्रतिज्ञा त्याने सर्वांहून मोठ्या आवाजात म्हटली असेल. या दुटप्पीपणाविरुद्ध मला आज लिहावयाचे आहे.

दीपनगर ही औष्णिक वीज केंद्राभोवती उभी राहिलेली वसाहत. येथे कोणी विदर्भातून आला, कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेशातील आसपासच्या खेड्यांतून. शेजारी भुसावळला रेल्वे आहे, वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथेही हाच प्रकार. कोणाच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांच्या समक्ष दीक्षा घेतलेली, तर कोणाच्या घरात बुद्धमूर्ती येऊन अद्याप वर्ष लोटलेले नाही. अशा ठिकाणी चार माणसे एकत्र बसली की पाच मते निघणार. कोणी म्हणेल, विपश्यनेवाचून धम्म कोरडा राहतो. कोणी म्हणेल, डोळे मिटून बसल्याने अन्याय मिटत नाही आणि बाबासाहेबांनी आपल्याला डोळे उघडण्यास सांगितले आहे. कोणाला जयंतीच्या मिरवणुकीत कर्णे हवेत, कोणाला त्याच पैशांत अभ्यासिका हवी. हे वाद व्हावेत. ज्या समाजात वाद होत नाहीत तो समाज एक तर झोपलेला असतो किंवा भ्यालेला असतो. माझी तक्रार वादाविरुद्ध नाही. वाद सुरू होऊन पाच मिनिटे होत नाहीत तोच मुद्दा बाजूला पडतो आणि माणसाची जात, नियत, बायको, नोकरी आणि बाप चव्हाट्यावर येतो, ही माझी तक्रार आहे.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो क्षुल्लक नाही. आक्षेपक म्हणतात, 'सभ्यता' हा शब्द वरच्यांनी आमच्या तोंडाला बांधलेले मडके आहे. आम्ही किंचाळलो की ते म्हणतात, हळू बोला. घर जळत असताना, आग लागल्याची बातमी मृदू स्वरात सांगा, असा उपदेश ते करतात. शिष्टाचार पाळून आम्हांला आजवर काय मिळाले?

आक्षेपात सत्य आहे. परंतु ज्याला आपण शिष्टाचार म्हणत होतो तो शिष्टाचार नव्हताच. आपले पणजोबा गावच्या पाटलाला वाकून जोहार घालीत आणि 'मायबाप' म्हणत. ती लाचारी होती. ती ज्यांनी सोडली त्यांनी उत्तम केले. तिच्या जागी आपण जो 'जय भीम' आणला त्यात वाकणे नाही. एक माणूस दुसऱ्याकडे ताठ मानेने पाहून तो उच्चारतो आणि समोरचाही तितक्याच ताठ मानेने परत देतो. हीही सभ्यताच आहे. पण ती बरोबरीच्या माणसांची सभ्यता आहे. पहिलीत एकानेच नम्र व्हावयाचे असते, दुसरीत दोघांनी. हा भेद ज्याला कळला नाही त्याने 'जय भीम' या शब्दाचा अर्थ लावलेला नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या आजोबांना गावात कोण पुऱ्या नावाने हाक मारीत असे? रामचंद्राचा 'राम्या' होई, धोंडिबाचा 'धोंड्या', किसनचा 'किसन्या'. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांचे पोर 'अरे' म्हणे. मराठी भाषेने अपमानासाठी एवढासा 'या' प्रत्यय तयार ठेवलेला आहे, आणि तो कोणाच्या नावाला जोडावयाचा हे जात ठरवीत असे. आपले लोक शिकले, शहरात आले, नावापुढे 'राव' आणि 'साहेब' लागले. त्यासाठी कोणी रक्त आटवले ते तुम्हांला ठाऊक आहे. आता आपल्यातील एका गटाचा कार्यकर्ता दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्याचे नाव घेताना काय करतो ते ऐका. तोच 'या' प्रत्यय! तोच 'अरे-तुरे'! पाटलाच्या ओट्यावरून उतरलेला शब्द आपण उचलून घरी आणला आणि तो निळ्या झेंड्याखाली उभे राहून वापरतो आहोत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

'पण बाबासाहेब काय मवाळ होते?' असे कोणी विचारील. मुळीच नव्हते. त्यांच्या लेखणीने भल्याभल्यांची झोप उडविली. परंतु तीक्ष्णता निराळी आणि शिवराळपणा निराळा, आणि हा भेद समजण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या खानदेशातच चाळीसगावला जाऊ.

१९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती व बाबासाहेब तिचे सभासद होते. धुळ्याकडील एका गावच्या बहिष्काराची चौकशी आटोपून ते चाळीसगाव स्थानकावर आले. तेथील आपल्या लोकांनी त्यांना एक रात्र राहण्याचा आग्रह केला. महारवाडा पायी जाण्याजोगा होता. परंतु आपला बॅरिस्टर पायी न्यावयाचा कसा? टांगेवाल्यांनी अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास नकार दिला. अखेर एकाने टांगा दिला, पण हाकण्यास तो येईना. तेव्हा आपल्यापैकीच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. वाटेत मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरील मोरीवर चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरसावर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळला. त्यांचा पाय मोडला.

ही हकीकत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेविली आहे. ती मिळवून अवश्य वाचा, आणि तीत एक तरी अपशब्द सापडतो काय ते पाहा. टांगेवाल्याला त्यांनी नीच म्हटलेले नाही, हरामखोर म्हटलेले नाही. त्यांनी एवढेच दाखविले की, हलके काम करणारा टांगेवालासुद्धा हिंदू असल्यामुळे स्वतःला सर्व अस्पृश्यांहून श्रेष्ठ समजू शकतो, मग त्या अस्पृश्यांत एखादा बॅरिस्टर का असेना. बस्स. या एका विधानाने जातिव्यवस्थेचे जेवढे वस्त्रहरण झाले तेवढे हजार शिव्यांनी झाले नसते; कारण शिवी ऐकून टांगेवाल्याला राग आला असता, आणि हे विधान वाचून साऱ्या हिंदू समाजाला उत्तर द्यावे लागते. आणि ज्या आपल्या लोकांच्या हौसेपायी त्यांचा पाय मोडला त्यांच्याविषयी? पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात त्याचा जीव अधिक मोलाचा आहे याचा त्यांना विसर पडला, एवढी चूक त्यांनी स्पष्ट दाखविली. ती लपविली नाही, आणि तिच्यासाठी कोणाला मूर्खही ठरविले नाही. मोडलेल्या पायाने ज्याला हे साधले त्याचे नाव घेऊन आपण जयंतीच्या वर्गणीवरून एकमेकांच्या आया-बहिणी काढतो!

आता आजच्या एका वादाचे उदाहरण घेऊ. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी तो झालेला असेल. मुलाचे नाव शाळेत घालावयाचे असते, जातीचा दाखला काढावयाचा असतो, किंवा जनगणनेचा प्रगणक दारी येतो. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहावे याविषयी दुमत नाही. जातीच्या रकान्यात काय लिहावे? एक पक्ष म्हणतो: ज्या जातीचे जोखड फेकून देण्यासाठी आम्ही धर्मांतर केले, तिचेच नाव पुन्हा स्वतःच्या हाताने लिहावे, ही कोणती क्रांती? दुसरा पक्ष म्हणतो: १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना त्यात स्थान मिळाले, परंतु त्या अनुसूचीत नावे आहेत ती जातींची. 'बौद्ध' हा धर्म आहे, ते अनुसूचीतील जातीचे नाव नव्हे. जातीचा रकाना कोरा राहिला तर माणूस अनुसूचित जातींच्या संख्येत धरला जात नाही. मग शिष्यवृत्ती आणि राखीव जागा यांचा आधार काय राहिला?

दोन्ही पक्षांचे म्हणणे वजनदार आहे. एक माणसाच्या स्वाभिमानाविषयी बोलतो, दुसरा त्याच्या हक्काविषयी, आणि आपली चळवळ या दोन्ही पायांवर उभी आहे. माझे स्वतःचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. कागदावरील जातीचे नाव ही झालेल्या अन्यायाची नोंद आहे, ती माझी ओळख नव्हे. आणि अन्यायाची भरपाई मिळेपर्यंत नोंद खोडणे शहाणपणाचे नाही, असे मला वाटते. धर्माच्या रकान्यात मात्र 'हिंदू' हा शब्द चुकूनही जाऊ देऊ नये. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सुमारे ६५ लाख भरली. ती त्या एका रकान्यावरूनच मोजली गेली. तरीही, पहिल्या पक्षाचा एखादा तरुण हट्टाने जातीचा रकाना कोरा ठेवीत असेल आणि त्याची किंमत स्वतः मोजीत असेल, तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. मी त्याला पुन्हा एकदा माझे म्हणणे सांगेन.

पण हा वाद प्रत्यक्षात होतो कसा? पहिला म्हणतो, 'तुझी महारकी अजून सुटली नाही.' दुसरा म्हणतो, 'तुझे पोट भरले आहे म्हणून तुला तत्त्वज्ञान सुचते.' येथे वाद संपला. अनुसूची, आदेश, रकाना, संख्या, सगळे बाजूला राहिले. तेथे बसलेल्या नवदीक्षित कुटुंबाला दाखला कसा काढावा हे विचारावयाचे होते. ते काहीही न विचारता उठून गेले. ते पुढच्या बैठकीला येणार नाही.

असेच कानबाईचे. श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई बसते. नवदीक्षिताच्या घरी त्याची आई दीक्षा न घेतलेली. तिच्या भावाकडून रोट आला आणि म्हातारीने तो खाल्ला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या मुलाने कानबाई मांडू नये हे निर्विवाद. परंतु त्या म्हातारीच्या रोटावरून भर बैठकीत तिच्या मुलाची खिल्ली उडविणाऱ्याने धम्माचे काय साधले? म्हातारीने साठ वर्षे एका देवीच्या आधारावर दुःख सोसले आहे. तिला दुसरा आधार दिसेल तो सुनेच्या वागण्यात दिसेल, गटात फिरविलेल्या थट्टेत दिसणार नाही.

कोणी म्हणेल, शब्दांचे एवढे काय मनावर घ्यावयाचे? त्यांना आपल्याच इतिहासातील दोन शब्दांची आठवण देतो. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरास रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत दादासाहेब गायकवाड नाशिकहून आणि बी. सी. कांबळे कोपरगावहून लोकसभेत गेलेले होते. दोघेही बाबासाहेबांच्या तालमीतले. एकाची पकड भूमिहीनांच्या मनावर, दुसऱ्याची कायद्यावर. अशा दोन माणसांची पक्षाला एकाच वेळी गरज होती. आणि १९५९ साल उजाडेपर्यंत पक्ष फुटला. लढ्याचा मार्ग कोणता, कम्युनिस्टांशी संबंध किती ठेवावा, नेतृत्व कोणाचे, असे खरे प्रश्न त्यामागे होते. केवळ जिभेमुळे पक्ष फुटला असे मी म्हणत नाही. पण फुटीनंतर दोन्ही गटांना जी नावे चिकटली ती आठवा: 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त'. दीपनगरच्या वाचकांना हे शब्द रोजच्या ओळखीचे आहेत. कोळशाचा पट्टा नादुरुस्त होतो, पंप नादुरुस्त होतो. मग तो खोलतात, नवा भाग घालतात किंवा भंगारात टाकतात. माणूस कधी नादुरुस्त होतो काय? माणसाला नादुरुस्त म्हटले की त्याचे म्हणणे ऐकण्याची जबाबदारी संपते; यंत्राचे म्हणणे कोण ऐकतो? मत चुकीचे आहे असे म्हटले असते तर मत बदलता आले असते. त्याच १९५९ साली दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली याच खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. जमिनीचा एक तुकडा मागत आपले बांधव तुरुंगात जात होते, आणि वर पुढाऱ्यांत दुरुस्त कोण व नादुरुस्त कोण याचा निवाडा चालला होता. पक्षाचे पुढे किती तुकडे झाले ते मोजण्याचे काम मी तुमच्यावर सोडतो.

विरोधकाशी कसे भांडावे याचा वस्तुपाठ बाबासाहेबांनी १९३७ साली घालून दिला होता. आदल्या वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलाविले आणि भाषणातील मते पेलेनात म्हणून परिषदच रद्द केली. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. गांधीजींनी 'हरिजन' पत्रातून त्यावर टीका केली. दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केले? गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकात छापली, आणि तिच्या शेजारी आपले उत्तर दिले. उत्तर जळजळीत आहे. परंतु वाचकाला दोन्ही बाजू त्यांनी आपल्या पैशाने पुरविल्या, आणि पुस्तकाच्या नावातच 'महात्मा गांधींना उत्तर' असा उल्लेख केला. ज्याचे महात्मेपण त्यांना मान्य नव्हते त्याचा जगमान्य किताब त्यांनी कापला नाही. आपल्या गटात प्रतिपक्षाचा संदेश आला की आपण काय करतो? त्याला गटातून काढून टाकतो आणि मागे राहिलेल्यांत त्याची टवाळी करतो. ज्याला आपल्या उत्तरावर विश्वास असतो तो समोरच्याचे म्हणणे झाकीत नाही.

डिसेंबर १९२७ च्या महाड सत्याग्रहापूर्वी जेधे-जवळकरांनी ब्राह्मणेतर पक्षाचा पाठिंबा देऊ केला होता. अट एवढीच की सत्याग्रहात ब्राह्मण नसावेत. मदतीची गरज मोठी होती. तरी बाबासाहेबांनी अट झिडकारली: आपले वैर ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या प्रत्येक माणसाशी नाही. आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. 'बामणाळलेला' ही शिवी जिभेवर येईल तेव्हा त्या सहस्रबुद्ध्यांना क्षणभर आठवावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर माझ्या लिहिण्याचा उलटा अर्थ काढला जाईल. कोणी परका माणूस लोकांसमक्ष तुम्हांला जातीवाचक शिवी देईल तर तो मतभेद नव्हे आणि तेथे मी तुम्हांला सौजन्य शिकवीत नाही. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंध अधिनियम आहे. १९९० च्या दुरुस्तीमुळे, तुमची मूळ जात अनुसूचीत असल्यास, बौद्ध झाल्याने त्याचे संरक्षण तुम्ही गमावीत नाही. शिवी मोबाईलवर आली असेल तर ती पुसू नका, जशीच्या तशी जपून ठेवा. जे साक्षीला होते त्यांची नावे लिहून ठेवा. आणि उलट शिवी न देता पोलीस ठाण्याची पायरी चढा. उलट शिवी दिली की प्रकरण 'दोन्हीकडून बाचाबाची' या सदरात टाकावयास फौजदार मोकळा होतो.

परंतु हा कायदा आपल्या आपल्यांत चालत नाही. शिवी देणारा स्वतः अनुसूचित जातीचा असेल तर त्या अधिनियमाखाली तो आरोपी होत नाही. म्हणजे आपल्याच माणसाच्या जिभेला आवर घालण्याचे काम आपलेच आहे. ते करावे कसे?

भगवंतांच्या काळी हा प्रश्न निघाला होता, तो कौशांबीत. अट्ठकथा सांगते की, शौचकूपातील भांड्यात उरलेले पाणी ओतून टाकले नाही, एवढ्यावरून दोन विद्वान भिक्खूंत वाद लागला. एक विनयाचा जाणता, दुसरा सुत्तांचा. दोघांचे शिष्य भांडू लागले, मग शिष्यांचे उपासक. प्रकरण हातघाईवर आले. स्वतः भगवंतांनी समजाविले. भिक्खूंनी त्यांना सांगितले की, आपण स्वस्थ असावे, आमचे भांडण आम्ही पाहून घेऊ. भगवंत त्यांना सोडून पारिलेय्यक वनात निघून गेले. मग हे भांडण मिटविले कोणी? कौशांबीच्या गृहस्थांनी! ज्यांनी भगवंतांना येथून जावयास लाविले त्यांना आम्ही वंदन करणार नाही, उठून मान देणार नाही, भिक्षा वाढणार नाही, असे त्यांनी ठरविले. पोटाला चिमटा बसताच पंडित भिक्खू श्रावस्तीला गेले आणि त्यांनी समेट केला.

महावग्गातील ही हकीकत प्रवचनांत सांगतात ती भिक्खूंच्या हट्टाची गोष्ट म्हणून. मला ती गृहस्थांच्या सामर्थ्याची गोष्ट वाटते. नवदीक्षित बंधूंनो, तुम्ही स्वतःला समाजात धाकटे समजता. जुन्यांसमोर बोलावयास कचरता. परंतु वर्गणी तुमच्या खिशातून जाते. खुर्च्या तुमच्या येण्याने भरतात. विहारातील भोजन तुमच्या घरच्या स्त्रिया रांधतात. जो वक्ता व्यासपीठावरून आपल्याच बांधवाची आई-बहीण काढतो त्याच्या सभेची वर्गणी देऊ नका, आणि का देत नाही ते नम्रपणे पण तोंडावर सांगा. ज्या गटात शिवी चालते तो गट सोडा, आणि सोडताना कारण लिहा. कौशांबीच्या माणसांनी भिक्खूंना उलट शिव्या दिल्या नाहीत. फक्त वाढणे थांबविले.

पण भांडण टाळावयाचे म्हणून तोंडाला कुलूप घालणे, हाही मार्ग नाही. याविषयी महावग्गात आणखी एक कथा आहे. काही भिक्खूंनी वर्षावासाचे तीन महिने एकमेकांशी एक शब्दही न बोलता काढले. कोणी बोलेना म्हणून भांडण होईना. आपण फार शांततेत राहिलो असे त्यांनी भगवंतांना मोठ्या अभिमानाने सांगितले. भगवंतांनी त्यांना शाबासकी दिली नाही; पशूंसारखे राहिलात म्हणून त्यांची कानउघाडणी केली. आणि वर्षावासाच्या शेवटी पवारणेचा विधी घालून दिला. प्रत्येक भिक्खूने, थोरापासून धाकट्यापर्यंत, संघापुढे बसून म्हणावयाचे: माझ्या वागण्यात कोणी काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा कोणाला नुसती शंका असेल, तर कृपा करून मला सांगा. सांगणाऱ्यावरही बंधने आहेत. योग्य वेळी बोलावे, खरे तेच बोलावे, मृदू शब्दांत बोलावे, उपयोगी तेवढेच बोलावे, आणि मनात मैत्री ठेवून बोलावे. ऐकणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात: सत्य सोडू नये, आणि रागावू नये.

किती मोठी ही व्यवस्था आहे पाहा. दुसऱ्याचा दोष काढण्याची जागा नेमून दिली, वेळ नेमून दिली, भाषा नेमून दिली; आणि सुरुवात थोरापासून केली. आपल्याकडे टीका खालून वर गेली की ती गद्दारी ठरते. राजकारणातील भक्ती आणि विभूतिपूजा हा अधःपाताचा मार्ग आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. तो त्यांच्याच अनुयायांना सर्वांत आधी लागू आहे.

अशोक विजयादशमीनंतर पाचव्या दिवशी आश्विन पौर्णिमा येते. वर्षावासाची समाप्ती आणि पवारणा त्याच दिवशी. आपल्याकडे त्या दिवशी खीरदान होते, भाषणे होतात, हार घातले जातात. येत्या आश्विन पौर्णिमेला दीपनगर, भुसावळ, वरणगाव, जेथे जेथे आपले विहार आणि मंडळे आहेत तेथे एक तास भाषणे बाजूला ठेवावीत. अध्यक्षांनी, कार्यवाहांनी आणि खजिनदारांनी हार न घेता खाली सतरंजीवर बसावे आणि वर्षभराच्या कारभाराविषयी, हिशेबाविषयी, बोलण्या-वागण्याविषयी ज्याला जे सांगावयाचे असेल ते सांगण्याची विनंती करावी. पहिले बोलावयास त्या वर्षी दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना उभे करावे, आणि त्यांतही स्त्रियांना. कोणी शिवी काढली तर त्याला थांबवून तेच म्हणणे शिवीवाचून पुन्हा मांडावयास सांगावे. जमले नाही तर त्याची पाळी शेवटी ठेवावी. ज्याच्यावर आक्षेप आला त्याने तेथल्या तेथे उत्तर देऊ नये. ते लिहून घ्यावे आणि पुढच्या पौर्णिमेला, कागद हातात घेऊन, मुद्द्यागणिक उत्तर द्यावे. खीर त्यानंतर वाढावी.